स्क्वेअर, मॉडिफाइड की प्युअर सायन? इन्व्हर्टरच्या आउटपुटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की इन्व्हर्टरबद्दलची विचारणा वाढते. पंखा गुणगुणतो, नाइट लॅम्प उडतो, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो अशा तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकच असतं: इन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या विजेचा आकार. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पुरवठा धरून दिले आहेत. मग वीज बेस्टची असो, अदानीची, टाटा पॉवरची, की भांडुप-मुलुंडकडे महावितरणची. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खोक्यावर "स्क्वेअर वेव्ह", "सायन वेव्ह" लिहिलेलं असतं. ही वेव्ह म्हणजे नक्की काय?

घरातल्या सॉकेटमधला व्होल्टेज एका जागी थांबलेला नसतो. शून्यापासून हळूहळू चढत तो ३२५ व्होल्टपर्यंत जातो, उतरत शून्यावर येतो, मग उलट्या दिशेने तेवढाच खाली जाऊन परततो. हे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पूर्ण होतं आणि सेकंदाला अशी ५० आवर्तनं होतात, म्हणजेच ५० हर्ट्झ. कागदावर काढलं तर गुळगुळीत चढउताराची रेघ दिसते. तीच सायन वेव्ह. वीज केंद्रातला जनरेटर गोल फिरतो, त्यामुळे हा आकार तिथे मुळातच तयार होतो.

बॅटरीत यातलं काहीच नाही. तिथे १२ व्होल्टची सरळ, न हलणारी डीसी असते. तिला उलटसुलट करून, म्हणजे तिची एसी बनवून, २३० व्होल्टपर्यंत नेणं हे इन्व्हर्टरचं काम. ते काम किती बारकाईने केलं आहे, त्यावर आउटपुटचा आकार ठरतो.

२. मग स्क्वेअर, मॉडिफाइड आणि प्युअर सायन यांत फरक काय?

स्क्वेअर वेव्हमध्ये व्होल्टेज १० मिलिसेकंद अधिक २३० वर राहतो, मग एका झटक्यात उणे २३० वर जातो आणि तिथे १० मिलिसेकंद राहतो. मधला चढ नाही, उतार नाही.

मॉडिफाइड सायनमध्ये अधिक आणि उणे यांच्यामध्ये काही काळ शून्यावर थांबा असतो. रेघ पायरीसारखी दिसते. नावात सायन असलं तरी ही चौकोनीच जात आहे.

प्युअर सायनमध्ये रेघ ग्रिडसारखीच, म्हणजे वीज कंपनीच्या पुरवठ्यासारखीच, गुळगुळीत असते. ती कशी होते हे पुढच्या उत्तरात.

३. बॅटरीच्या सरळ रेघेतून इतकी गुळगुळीत वेव्ह निघते तरी कशी?

आत मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, अनेक डिझाइनमध्ये वीस हजारांच्या आसपास. वेव्हचं शिखर हवं असेल तिथे स्विच जास्त वेळ चालू ठेवायचा, शून्याजवळ अगदी कमी वेळ. या रुंद-अरुंद ठोक्यांना पीडब्ल्यूएम म्हणतात. हे ठोके कॉइल आणि कपॅसिटरच्या फिल्टरमधून गेले की त्यांतली वेगवान थरथर गळून पडते आणि ५० हर्ट्झची सायन वेव्ह उरते.

स्क्वेअर वेव्ह बनवायला एवढी मेहनत लागत नाही. स्विच सेकंदाला ५० आवर्तनांच्या गतीने उलटसुलट केले की झालं. किमतीतला फरक तिथून येतो.

४. तिन्हींवर २३० व्होल्टच लिहिलेलं असतं. आकडा एकच असेल तर आकाराने काय बिघडतं?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडं थांबून वाचा.

२३० हा आरएमएस आकडा आहे. इस्त्रीच्या कॉइलमध्ये २३० व्होल्ट डीसी जेवढी उष्णता निर्माण करील, तेवढीच ही एसी निर्माण करते, एवढाच त्याचा अर्थ. तीन वेगळ्या आकारांचा आरएमएस सारखा असू शकतो. पण आरएमएसवर चालणाऱ्या वस्तू थोड्याच: इस्त्री, गीझर, जुना पिवळा बल्ब. बाकीच्यांना दुसरंच काहीतरी लागतं.

टीव्ही, चार्जर, कॉम्प्युटर यांच्या आतलं सर्किट व्होल्टेजचं शिखर पकडून साठवतं. सायनचं शिखर ३२५ व्होल्ट, स्क्वेअरचं फक्त २३०.

मोटरला मूळ ५० हर्ट्झचा भाग लागतो. २३० व्होल्टची स्क्वेअर वेव्ह उलगडून पाहिली तर तिच्यात ५० हर्ट्झची सायन सुमारे २०७ व्होल्टचीच सापडते. उरलेलं १५० हर्ट्झवर सुमारे ६९ व्होल्ट, २५० हर्ट्झवर ४१, ३५० हर्ट्झवर ३० असं वाटलेलं असतं. यांना हार्मोनिक म्हणतात. मोटरला त्यांचा उपयोग नाही. त्यांची उष्णता आणि आवाज तेवढा होतो.

कपॅसिटरला व्होल्टेज किती आहे यापेक्षा तो किती वेगाने बदलतो हे महत्त्वाचं. ग्रिडची सायन वेव्ह सर्वांत वेगाने बदलते तेव्हाही एका मायक्रोसेकंदाला साधारण ०.१ व्होल्ट एवढीच सरकते. स्क्वेअर वेव्ह काही मायक्रोसेकंदांत ४६० व्होल्टची उडी मारते.

म्हणून "हे उपकरण स्क्वेअर वेव्हवर चालेल का" याचं एकच उत्तर नसतं. त्याच्या आत पहिल्यांदा वीज कशाला भेटते, हीटरला, रेक्टिफायरला (एसीची डीसी करणाऱ्या भागाला), मोटरला की कपॅसिटरला, ते पाहावं लागतं.

५. मॉडिफाइड सायन स्क्वेअरपेक्षा चांगली ना? दुकानदार तसं सांगतो.

काही बाबतींत हो, पण समजतात तेवढी नाही. समजा मॉडिफाइड वेव्ह प्रत्येक अर्ध्या आवर्तनात ५ मिलिसेकंद ३२५ व्होल्टवर आणि ५ मिलिसेकंद शून्यावर राहते. आरएमएस २३० येतो आणि शिखरही ग्रिडइतकंच. एसएमपीएसवर, म्हणजे टीव्ही, चार्जर, कॉम्प्युटरमधल्या इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायवर, चालणाऱ्या उपकरणांना हे बरं. पण हार्मोनिकचं मूळ वेव्हशी असलेलं प्रमाण, ज्याला टीएचडी म्हणतात, ते काढलं तर ४८ टक्क्यांच्या जवळ येतं. सरळ स्क्वेअर वेव्हचंही तेवढंच! म्हणजे मोटरच्या दृष्टीने काहीच सुधारलं नाही.

ठोक्याची रुंदी १० पैकी सुमारे ६.७ मिलिसेकंद ठेवली तर १५० हर्ट्झचा हार्मोनिक नाहीसा होतो आणि टीएचडी ३१ टक्क्यांवर उतरते. हे चांगलं डिझाइन. मात्र मग २३० आरएमएससाठी शिखर २८२ व्होल्टच उरतं. शिखर आणि हार्मोनिक दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत.

त्यात आणखी एक गोष्ट. बॅटरी उतरत गेली की शिखर खाली येतं आणि आरएमएस सांभाळण्यासाठी बरेचसे मॉडिफाइड इन्व्हर्टर ठोका रुंद करत जातात. बॅकअपच्या शेवटच्या टप्प्यात ती वेव्ह जवळपास स्क्वेअरच झालेली असते. लाइट गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं सगळं ठीक आणि नंतर पंख्याचा आवाज बदलतो, असं ज्यांना जाणवतं त्यांच्याकडे बहुधा हेच होत असतं.

६. इन्व्हर्टरवर सीलिंग फॅन गुणगुणतो. रात्री झोप लागत नाही. पंखा जळेल का?

गुणगुण हार्मोनिकची आहे. पंख्याच्या मोटरमधल्या लोखंडी पट्ट्या आणि वाइंडिंग १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या चुंबकीय धक्क्यांनी थरथरतात. ५० हर्ट्झचा खर्ज कानाला फारसा जाणवत नाही, पण हे वरचे सूर स्पष्ट ऐकू येतात, आणि खोली शांत असेल तर भोंग्यासारखे डोक्यात बसतात.

पंखा एका रात्रीत जळत नाही. जळेल या भीतीने रात्रभर उकाड्यात बसू नका. पण वाइंडिंग नेहमीपेक्षा जास्त तापते, आणि पंख्यातला कपॅसिटर (घरगुती पंख्यात बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा) जास्त करंट वाहून नेतो, म्हणून लवकर म्हातारा होतो. कपॅसिटर कमजोर झाला की पंखा ग्रिडच्या विजेवरही हळू फिरू लागतो. लोक तेव्हा "व्होल्टेज कमी येतोय" म्हणतात, आणि खरं कारण दोन पावसाळ्यांच्या बॅकअपमध्ये असतं.

मुंबई शहरात लाइट क्वचित जाते, त्यामुळे इथे हे नुकसान मोजण्याइतकं होत नाही. बदलापूर, वसई, डोंबिवलीकडे तासन्तास बॅकअप लागत असेल तर सायन वेव्ह घ्या, हे माझं ठाम मत आहे.

७. मग पंखाच बदलला तर? बीएलडीसी पंखा स्क्वेअर वेव्हवर गुणगुणेल का?

नाही. बीएलडीसी पंख्यात आलेली एसी आधी डीसी होते आणि मग पंख्यातलं स्वतःचं सर्किट मोटर फिरवतं. बाहेरची वेव्ह कशी होती याचा मोटरला पत्ताच नसतो. शिवाय साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पूर्ण वेगावर ३० ते ३५, त्यामुळे बॅटरी दुपटीच्या आसपास टिकते. चालू इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे आणि त्यावर पंखे-दिवे एवढंच चालतं, तर तो काढून टाकण्यापेक्षा पंखे बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

८. लाइट असताना रेग्युलेटर नीट चालतो, इन्व्हर्टरवर मात्र एक आणि दोन नंबरवर वेगळाच वेग येतो. रेग्युलेटर खराब झालाय का?

बहुधा नाही. स्टेप रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात आणि जास्त हर्ट्झच्या लहरींना त्यांतून सहज वाट मिळते. त्यामुळे खालच्या नंबरांवर वेग आणि आवाज दोन्ही बदलतात. गोल फिरवायच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरात ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो वेव्ह शून्याला कधी येते त्यावरून वेळ मोजतो. मॉडिफाइड वेव्ह शून्यावर थांबूनच राहते, तिथे त्याचा हिशेब चुकतो. बॅकअपवर पंखा पूर्ण वेगावर ठेवणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

९. टीव्ही, लॅपटॉप, वायफाय यांना धोका आहे का?

फार नाही. यांच्या अडॅप्टरवर "१०० ते २४० व्होल्ट" लिहिलेलं असतं. स्क्वेअर वेव्हवर आतला डीसी व्होल्टेज ३२५ ऐवजी २३० भरतो, आणि १०० व्होल्टच्या सायनवरही चालणाऱ्या सर्किटला तो भरपूर झाला.

वायफायसाठी एक वेगळी शिफारस. बरेचसे राउटर १२ व्होल्ट डीसीवर चालतात, आणि त्यासाठी १२ व्होल्ट डीसी देणारे छोटे यूपीएस मिळतात. बॅटरीची डीसी थेट राउटरला. वेव्हचा प्रश्नच उरत नाही, आणि डीसीची एसी, एसीची परत डीसी या फेऱ्यातली वीजही वाचते.

जुन्या पद्धतीच्या, जड ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट वेगळी आहे. त्याचा आतला व्होल्टेज शिखरावर ठरतो, म्हणून स्क्वेअर वेव्हवर तो जवळपास तीस टक्के कमी भरतो, आणि हार्मोनिक स्पीकरमध्ये घूं असा आवाज बनून येतात. घरी रियाजासाठी असा अ‍ॅम्प्लिफायर लावत असाल तर सायन वेव्हच हवी.

१०. यूपीएसवर "सिम्युलेटेड सायन" लिहिलंय. लाइट गेली की नवा डेस्कटॉप बंद पडतो, जुना चालायचा. असं का?

नव्या, जास्त वॉटच्या पॉवर सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं. येणाऱ्या व्होल्टेजचा आकार पाहून, करंटही त्याच आकारात खेचणं हे त्याचं काम. सायनऐवजी पायरी दिसली की ते पायरीच्या कडेवर एकदम मोठा करंट मागतं. यूपीएसला तो ओव्हरलोड वाटतो आणि तो हात टेकतो, किंवा पॉवर सप्लायच स्वतःला बंद करतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये हे सर्किट नव्हतं. उपाय: बॅटरीवरही सायन देणारा यूपीएस. आणि "सिम्युलेटेड", "स्टेप्ड", "सायन-लाइक" हे सगळे शब्द मॉडिफाइडसाठीच वापरले जातात, हे खरेदीआधी लक्षात असू द्या.

११. गणपतीत मखराला लावलेली लाइटची माळ इन्व्हर्टरवर गेल्या गेल्या उडाली. नाइट लॅम्पही दर महिन्याला जातो. योगायोग आहे का?

योगायोग नाही. स्वस्त माळा आणि अर्ध्या वॉटचे नाइट लॅम्प यांच्यात ट्रान्सफॉर्मर किंवा एसएमपीएस नसतो. २३० व्होल्ट अडवायला फक्त एक कपॅसिटर असतो. सायन वेव्हवर तो मोजका करंट जाऊ देतो. स्क्वेअर वेव्हच्या प्रत्येक उडीला मात्र तो करंटचा एक ठोका आत सोडतो. प्रश्न ४ मध्ये सांगितलेला हिशेब इथे सर्वांत कठोर होतो: हार्मोनिक जितका वरचा, तितका त्याचा व्होल्टेज कमी, पण कपॅसिटरचा अडथळाही त्याच प्रमाणात कमी. परिणामी प्रत्येक हार्मोनिक मूळ ५० हर्ट्झइतकाच करंट घेऊन येतो. तो रोखायला एक बारीकसा रेझिस्टर असतो, आणि जळतो तो तोच.

याहून महत्त्वाचं म्हणजे या माळा २३० व्होल्टपासून सुट्या केलेल्या नसतात. भाद्रपदातली ओल, फुलांचं पाणी, आरतीला भोवती उभी असलेली मुलं, हे सगळं लक्षात घेऊन १२ किंवा २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी माळच लावा. ती कुठल्याही वेव्हवर चालते आणि शॉकही देत नाही.

१२. फ्रिज चालेल का?

सायन वेव्हवर, आणि इन्व्हर्टरची ताकद पुरेशी असेल तर. साध्या कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना काही क्षण चालू करंटच्या पाच-सहा पट करंट मागते. स्क्वेअर वेव्हवर मूळ भाग आधीच कमी, त्यात व्होल्टेज ढासळतो, मोटर अडकते, ओव्हरलोड रिले टकटक करत राहतो. असा टकटक आवाज ऐकू आला की लगेच बंद करा. सुरू न झालेली मोटर फिरणाऱ्या मोटरपेक्षा कितीतरी वेगाने तापते. लाइट तासाभरात येणार असेल तर फ्रिज बॅकअपवर लावूच नका, दार बंद ठेवा.

मत्स्यपेटीचा हवेचा पंपही असाच वेव्हबद्दल हट्टी. त्यातला चुंबक वेव्हबरोबर थेट थरथरतो, म्हणून स्क्वेअरवर आवाज वाढतो.

१३. आमच्याकडे इन्व्हर्टर एसी आणि इन्व्हर्टर फ्रिज आहे. म्हणजे लाइट गेल्यावर तो चालेल ना?

नाही. तो इन्व्हर्टर उपकरणाच्या पोटात असतो आणि कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करण्यासाठी असतो. त्याच्यामागे बॅटरी नसते. सॉकेटमधल्या एसी विजेची डीसी, मग त्या डीसीतून हव्या त्या हर्ट्झची नवी एसी वीज, असा त्याचा मार्ग.

हेच तंत्र आपण रोज ऐकतो. लोकल स्टेशन सोडताना जो चढत जाणारा सूर येतो, तो मोटरना वीज देणाऱ्या इन्व्हर्टरच्या स्विचिंगमुळे. वरच्या तारेतली २५,००० व्होल्टची एसी खाली उतरवून डीसी होते, आणि तिच्यातून तीन फेजची, वेगाबरोबर हर्ट्झ बदलणारी एसी बनवली जाते. मला तो आवाज अजूनही ऐकावासा वाटतो.

१४. घरी आजोबांसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. कुठला इन्व्हर्टर घेऊ?

प्युअर सायन, दुसरा विचार नको. कॉन्सन्ट्रेटरमध्ये सतत चालणारा कॉम्प्रेसर असतो. बऱ्याच मशीनमध्ये त्याची मोटर पंख्यासारखीच कपॅसिटरवर चालणारी असते, फक्त कितीतरी जास्त भार घेऊन. ५ लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॉट घेतं आणि सुरू होताना त्याहून बरंच जास्त. मशीनच्या पुस्तिकेत विजेबद्दल काय अट आहे ते वाचून, इन्व्हर्टर विकत घेण्यापूर्वी मशीनच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. इन्व्हर्टर आणला म्हणून भरलेला सिलिंडर परत पाठवू नका. झोपेत लावायच्या सीपॅप मशीनला बहुधा डीसी अडॅप्टर असतो, त्यामुळे तिथे वेव्हचा प्रश्न सौम्य आहे. पण ह्युमिडिफायरचा हीटर बॅटरी भराभर संपवतो.

१५. मल्टिमीटरने मोजलं तर इन्व्हर्टरचा व्होल्टेज १८० दाखवतो. खराब माल मिळाला का?

इन्व्हर्टर नव्हे, मीटर फसला असण्याची शक्यता जास्त. साधा मल्टिमीटर आरएमएस मोजत नाही. तो सरासरी काढून तिला १.११ ने गुणतो, आणि हा गुणक फक्त सायन वेव्हसाठी बरोबर आहे. प्रश्न ५ मधल्या ५ मिलिसेकंद ठोक्याच्या वेव्हची सरासरी सुमारे १६२ येते; गुणिले १.११ केलं की १८०. २३० व्होल्टच्या स्क्वेअर वेव्हवर तोच मीटर २५५ दाखवील. दोन्ही वेळा खरा आरएमएस २३०च आहे. मीटरवर "ट्रू आरएमएस" लिहिलेलं असेल तरच अशा वेव्हवर त्याचं ऐका.

याचा उलटा उपयोगही होतो. साधा मीटर आणि ट्रू आरएमएस मीटर एकाच सॉकेटवर लावले आणि दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत आली, तर ती वेव्ह सायन नाही. लिहिलेलं काहीही असो.

१६. दुकानात उभं राहून वेव्ह कशी ओळखायची?

लॅमिंग्टन रोडला किंवा लोहार चाळीत जाल तर दुकानदाराला साधा, बीएलडीसी नसलेला पंखा बॅटरीवर चालवून दाखवायला सांगा. कान हे इथे चांगलं उपकरण आहे. मग माहितीपत्रकात टीएचडीची ओळ शोधा. चांगल्या सायन वेव्ह इन्व्हर्टरची ती ५ टक्क्यांच्या आत असते. त्या आकड्यापुढे "लिनिअर लोड" लिहिलंय का तेही पाहा; म्हणजे तो आकडा बल्ब-हीटरसारख्या सरळ लोडवर मोजलेला आहे, कॉम्प्युटर आणि चार्जर लावून नव्हे. "डिजिटल" हा शब्द वेव्हबद्दल काहीच सांगत नाही.

कुणाकडे ऑसिलोस्कोप असेल तर आकार थेट दिसतो, पण एक इशारा: प्रोबची ग्राउंड क्लिप सॉकेटला लावू नका. ती आतून अर्थला जोडलेली असते. फेजला टेकली तर स्फोटच. डिफरेन्शियल प्रोब लागतो.

१७. लाइट असताना इन्व्हर्टरमधून कुठली वेव्ह येते?

वीज कंपनीचीच. घरगुती इन्व्हर्टर आणि साधे यूपीएस लाइट असताना ग्रिडची वीज पुढे सोडतात. वर सांगितलेले सगळे फरक फक्त बॅटरीवर असतानाचे आहेत.

मागे "यूपीएस" आणि "इन्व्हर्टर" असं बटण असतं, ते वेव्ह बदलत नाही. यूपीएसवर ठेवलं की ग्रिडचा व्होल्टेज थोडा हलला तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि बदल लवकर, साधारण १० ते १५ मिलिसेकंदांत करतो. दुसऱ्या स्थितीत तो जास्त सहन करतो आणि सावकाश बदलतो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय साधारण १५ ते २० मिलिसेकंद तग धरतो, म्हणून डेस्कटॉप असेल तर बटण यूपीएसवर.

१८. ऑनलाइन यूपीएस वेगळा कसा?

त्यात ग्रिडची वीज सतत डीसी होते आणि आउटपुट सतत इन्व्हर्टरमधूनच निघतं, लाइट असो वा नसो. लाइट गेल्यावर बदलायला काही उरतच नाही, म्हणून खंड शून्य मिलिसेकंद. वेव्ह कायम सायन. पॅथॉलॉजी लॅब, सर्व्हर, महागडं स्टुडिओ उपकरण यांसाठी योग्य. घरासाठी मी सुचवत नाही: यूपीएसच्या आतला पंखा सतत चालतो, वीज सतत थोडी वाया जाते.

१९. गच्चीवर सोलर आहे, त्याचाही इन्व्हर्टर आहे. तरी लाइट गेली की घरात अंधार. का?

ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर स्वतःची व्होल्टेज वेव्ह उभी करत नाही. तो ग्रिडची वेव्ह पाहतो आणि तिच्या तालावर सायन आकाराचा करंट ढकलतो. ग्रिड गेलं की ताल गेला, आणि तो बंद होतो. हे मुद्दाम तसं केलं आहे: तारा बंद आहेत समजून काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. तशा दिवशी पॅनेलवर ऊन असूनही असा सोलर काही देत नाही. बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर तो ग्रिडपासून सुटा होऊन स्वतःची सायन वेव्ह उभी करतो.

२०. सोसायटीचा जनरेटर सुरू झाला तरी माझा यूपीएस बॅटरीवरच राहतो. कुणाचा दोष?

कुणाचाच नाही. जनरेटरची वेव्ह सायन असते, पण लिफ्ट सुरू झाली की इंजिन क्षणभर दबतं आणि ५० हर्ट्झचे ४८ होतात, मग उसळून वर जातात. छोट्या जनरेटरची वेव्ह लोडखाली वाकडीही होते. यूपीएसला ही वीज भरवशाची वाटत नाही. सेन्सिटिव्हिटी कमी करण्याची किंवा जनरेटर मोडची सोय असेल तर ती वापरा. तरी जमलं नाही तर सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून जनरेटरची हर्ट्झ लोडवर मोजून घ्या.

२१. स्क्वेअर वेव्हच्या पुढे स्टॅबिलायझर किंवा फिल्टर लावून सायन करता येईल का?

स्टॅबिलायझरने नाही. तो व्होल्टेज कमीजास्त करतो, आकार तसाच ठेवतो. फिल्टर तत्त्वतः लावता येतो, पण ५० ठेवायचे आणि शेजारचे १५० काढायचे म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर इतके मोठे लागतात की खर्च नव्या इन्व्हर्टरच्या वर जातो. पूर्वी काही यूपीएसमध्ये फेरोरेझोनन्ट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीव्हीटी, वापरून स्क्वेअर वेव्ह बऱ्यापैकी सायन केली जायची. जड, गरम आणि सतत गुणगुणणारं ते यंत्र आता घरात आणू नका.

२२. प्युअर सायन घेतला, तरी पंखा गुणगुणतो. फसवलं का?

आधी लाइट असतानाचा आवाज ऐका. तेव्हाही गुणगुण असेल तर दोष पंख्याचा. फक्त बॅटरीवर, आणि तेही जास्त लोड असताना होत असेल तर वेव्हचा माथा कापला जातोय. जुनी बॅटरी लोडखाली १०.५ व्होल्टपर्यंत बसली की ट्रान्सफॉर्मरला ३२५ चं शिखर गाठता येत नाही. माथा सपाट होतो आणि सायनमध्ये हार्मोनिक शिरतात. दोन पंखे बंद करून पाहा. आवाज गेला तर बॅटरी तपासून घ्या, इन्व्हर्टर नव्हे. आवाज डब्यातूनच येत असेल तर ती ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आहे, वेव्हशी तिचा संबंध नाही. आणि कमी लोडवर, भरलेल्या बॅटरीवरही पंखा कुरकुरत असेल, तर प्रश्न १५ मधली दोन मीटरची चाचणी करा आणि आकडे घेऊन दुकानात परत जा.

२३. दोन छोटे इन्व्हर्टर एकत्र जोडून मोठा लोड चालवू का?

अजिबात नाही. दोघांच्या वेव्ह वेगवेगळ्या क्षणी चढतात-उतरतात. एक शिखरावर असताना दुसरा उलट्या शिखरावर असू शकतो, आणि तेव्हा दोघांमध्ये ६५० व्होल्टचा फरक असतो. समांतर जोडणीसाठी बनवलेले इन्व्हर्टर आपसांत केबलने ताल जुळवतात. ती सोय नसेल तर दोघांना वेगवेगळ्या खोल्या वाटून द्या आणि त्यांचे न्यूट्रलही एकत्र करू नका.